तापात निघालेलं नाव

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पिंपळनेरजवळच्या आमच्या गावात, शेजारच्या आक्काला हापशावरून हाकललं. सत्तरीची एकटी बाई. गुन्हा एवढाच, की पलीकडच्या घरातल्या सुनेनं तापात तिचं नाव घेतलं.

आमच्याकडे तापात कुणी बरळायला लागलं की आधी दवाखाना आठवत नाही. उशाशी बसून विचारतात, "कोन शे? कोन दिखस तुले?" नाव निघेपर्यंत विचारतात. जिचं निघेल ती डाकीण. त्या सुनेच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत आक्काच बसली होती. डोळे उघडल्यावर तिला दुसरा कुणाचा चेहरा दिसणार होता?

हेच मी पत्रकात लिहिलं, धुळ्याहून छापून आणलं, घरोघर वाटलं. घड्या घालायला आई होती. गल्लीतले एक नाना पत्रक खिशात कोंबत म्हणाले, "ताई, तू शिकेल शे. पन तुले ताप कोठे उना अजून?" ओट्यावरच्या बायका हसल्या.

मग मलाही ताप आला.

भर दुपार होती. वारा नव्हता, तरी भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं. दारात आक्का उभी. पदरातून पाणी ठिबकत होतं आणि खालची जमीन कोरडी. हा ताप आहे, हे मला कळत होतं. कळत असूनही घाबरले. ती वाकली, तिचा गार हात गळ्याला लागला. तेवढ्यात उशाशी आईचा आवाज आला, "कोन शे, बाई? सांग ना, कोन शे?"

शुद्धीवर आले ती धुळ्याच्या दवाखान्यात. पहिलं हेच विचारलं, मी नाव घेतलं का?

"नही लिधं," आई म्हणाली. सलाईनच्या बाटलीकडे बघत म्हणाली.

"आक्का खरंच आली होती का?"

तिनं माझ्या अंगावरची चादर सारखी केली.

घरी परतले तर आक्काच्या दाराला कुलूप. माझ्या खाटेखाली तिचा जर्मनचा वाडगा, त्यात वाळून कडक झालेली पट्टी. म्हणजे ती आली होती. जिला पाणी भरू दिलं नाही, ती माझ्यासाठी पाणी घेऊन आली होती. गल्ली सांगते, आक्का लेकीकडे गेली.

आक्काला लेक नाही.

तुमच्या घरी कुणी तापात बरळत असेल तर आधी दवाखान्यात न्या. आणि उशाशी बसून कुणी "कोण आहे" विचारायला लागलं, तर तिथल्या तिथे त्याला थांबवा. विचारणारी तुमची आई असली, तरी.