प्रोजेक्टला हात लावायचा नाही

आमच्या घोडपदेवच्या खोलीत एकदा कापसाच्या ढगातून खरंखुरं पाणी पडलं होतं. खाली पुठ्ठ्याचा डोंगर, डोंगरावरून नदी, नदी जाऊन मिळते निळ्या परातीतल्या समुद्राला, आणि समुद्राचं पाणी नळीतून परत ढगात. शाळेने चौथीच्या मुलांना जलचक्राचं प्रोजेक्ट करून आणायला सांगितलं होतं. चौथीत माझी मुलगी होती. प्रोजेक्ट करत होते माझे सासरे, माझा दीर आणि चाळीच्या गणपतीची सजावट करणारे त्याचे दोन मित्र.

मी परळच्या एका इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसते. संध्याकाळी दमून घरी आले तर पाय ठेवायला जागा नाही. मोटर आणली होती गेल्या वर्षीच्या मखरातल्या कारंज्याची. चौघेही असे वाकून बसले होते, जणू उद्या आगमनाची मिरवणूक दारात येणार आहे. आणि जिचं प्रोजेक्ट, ती माझी लेक कोपऱ्यात गमाची बाटली धरून बसली होती. कुणी ‘गम’ म्हटलं की तिने बाटली पुढे करायची. एवढंच काम तिच्या वाट्याला आलं होतं.

सासऱ्यांचं अर्धं आयुष्य चाळीच्या गणपतीचं मखर उभारण्यात गेलं. पुठ्ठा दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. शाळेचं प्रोजेक्ट त्यांना गणपतीसारखंच वाटतं, सगळ्यांनी मिळून करायचं आणि बघणाऱ्याने तोंडात बोट घालायचं. त्यांच्या मायेबद्दल मला कधीच शंका नव्हती. माझं डोकं फिरलं होतं ते दुसऱ्याच गोष्टीने.

जलचक्राला ‘अ’ श्रेणी मिळाली. वर्गात बाईंनी मुलीला विचारलं, पाणी वर ढगात कसं जातं? ती म्हणाली, “मोटर लावलीय. बाकी काकाला विचारा.” हे तिने घरी येऊन सांगितलं आणि सगळे पोट धरून हसले. तीही हसली. मला नाही हसू आलं.

पुढच्याच आठवड्यात घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायचा होता. रोज चालत जाते-येते ती त्या रस्त्याने. कोपऱ्यावरचा वडेवाला, भैरीचं देऊळ, लाँड्री, तिला सगळं पाठ. तिने पेन्सिलही उचलली नाही. “मला नाही येत. काका काढेल.”

मी हादरले. हीच मुलगी बालवाडीत असताना खडूने अख्खी गॅलरी रंगवायची आणि पुसायला गेलं तर चवताळायची. मार्क गेले तर गेले. पण करून बघायच्या आधीच ‘नाही येत’ म्हणणारं पोर मला घरातून तयार करून शाळेत पाठवायचं नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं.

दुसऱ्या सत्रात विषय आला, ‘आमचा परिसर’. सासऱ्यांचे डोळे लकाकले. मी ताटं वाढता वाढता सांगून टाकलं, “ह्या प्रोजेक्टला कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही.”

“अगो, चेडवाक जमतला काय तां?” सासरे त्यांच्या मालवणीत म्हणाले. “मार्क होये ना तिका?”

“नाही मिळाले तर नाही मिळाले, बाबा.”

“जाऊ दे ना गं, चौथीचं तर आहे,” नवरा म्हणाला.

“म्हणूनच. दहावीचा पेपर काय तू जाऊन लिहिणारेस?”

त्या रात्री जेवणात मीठ कमी आहे असं मात्र सासरे, नवरा आणि दीर, तिघांनाही वाटलं.

मुलीने ठरवलं, आपली चाळ करायची. सासऱ्यांच्या गोळ्यांची खोकी म्हणजे खोल्या, मिठाईचा डबा म्हणजे अंगण. आठवडाभर रोज संध्याकाळी ती जमिनीवर बसायची आणि मी शेजारी मटार सोलत, नाहीतर भाजी निवडत. मदत म्हणून मी एवढंच केलं. बसले आणि विचारत राहिले. नळ कुठे आहे गं? जिना कुठल्या बाजूने चढतो? माहीत नसेल तर जा, बघून ये. ती धावत जायची, बघून यायची. कसलं सोपं वाटतं हे! माझ्या डोळ्यांदेखत ती खिडकी उलटी चिकटवत होती आणि मी मटाराच्या शेंगा हातात घट्ट धरून बसले होते.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो यायला लागले. कुणाच्या फ्लायओव्हरवर दिवे लागत होते, कुणाच्या बागेत खरं गवत. शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, “कमाल आहे बाई तुझी! आई असून पोरीला मदत करत नाहीस?”

“आई आहे म्हणूनच बसलेय इथे,” मी म्हटलं. “या, तुम्हीही बसा. मटार सोला.”

ती काही बसली नाही.

मग एका संध्याकाळी पुठ्ठ्याचा जिना कोसळला आणि त्याच्याबरोबर वरची गॅलरीही. मुलगी हुंदके देऊन रडली. सासरे पलंगावरून अर्धे उठले, मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं, तसे ते पुन्हा टेकले. जीव माझाही तुटत होता. दोन मिनिटांचं काम होतं, मी चिकटवून दिलं असतं. तिला रडू दिलं आणि मग विचारलं, “आपली गॅलरी का नाही पडत?”

नाक पुसत ती बाहेर गेली. बराच वेळ आली नाही. आली ती ओरडतच, “आई, आपल्याला टेकू आहेत!”

आहेतच. आमच्या चाळीला कित्येक वर्षं लोखंडी टेकू लावलेत. आम्ही त्यांना वळसा घालून ये-जा करतो, त्यांच्यावर ओले टॉवेल टाकतो, म्हणून आता ते आम्हाला दिसतही नाहीत. तिने वर्तमानपत्राच्या सुरळ्या केल्या, खाली उभ्या केल्या, आणि गॅलरी राहिली. कललेली, पण राहिली.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये आमची चाळ मागच्या बाकावर, खिडकीपाशी ठेवली होती. पुढे सगळे फ्लायओव्हर. बाई तरुण आहेत, मनाने चांगल्या आहेत. मला हळूच म्हणाल्या, “पालकांनी थोडं लक्ष द्यायला हवं होतं.”

“मी रोज लक्ष देऊन बसले होते, बाई. तुम्ही तिला विचारून तर बघा.”

त्यांनी विचारलं आणि मुलीचं तोंड सुटलं ते सुटलंच. नळाला पाणी सकाळीच येतं म्हणून पिंपं बाहेर. जिना डावीकडून, कारण उजवीकडचा बंद केलाय. आणि ह्या सुरळ्या म्हणजे टेकू, हे काढले तर सगळी चाळ खाली येईल, तुम्ही काढून बघा! पुढच्या बाकांवरची दोन-तीन मुलं आपापले फ्लायओव्हर सोडून ऐकायला आली. बाईही वाकून बघत होत्या.

“सांगितलं छान,” त्या म्हणाल्या, “पण फिनिशिंग नाहीये.”

“फिनिशिंग आमच्या चाळीलाच नाहीये, बाई.”

त्या हसल्या. श्रेणी ‘ब’च दिली. द्या म्हटलं. ती ‘ब’ माझ्या मुलीची आहे, पहिल्या अक्षरापासून तिची. मी कुणापुढेही मान ताठ ठेवून दाखवेन.

घरी आणताना रस्त्यातल्या गर्दीत जिना पुन्हा निखळला. खोलीत येऊन तिने चाळ जमिनीवर ठेवली तोच सासरे कात्री घेऊन हजर. इतके दिवस कळ काढली होती बिचाऱ्यांनी. मी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी तीच बोलली. रडली नाही, चिडली नाही. त्यांच्या हातातून तिने कात्री काढून घेतली आणि गमाची बाटली दिली.

“आजोबा, तुम्ही ही धरून बसा.”

अख्ख्या चाळीचं मखर उभारणारा तो माणूस मुकाट्याने मांडी घालून बसला. बाटली दोन्ही हातांत धरली. ती सुरळ्या वळत होती. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “आता गम देऊ काय?”

“थांबा,” ती मान वर न करता म्हणाली. “मी सांगते.”