सात नंबरचं टोकन

"सात नंबर! कोण आहे गा सात नंबर?" आमचे शिपाई बावणे तिसऱ्यांदा ओरडले. कोणी उठलं नाही. मी केबिनमधून बाहेर आले. पहिले सहा नंबर आदल्या दिवशीच झाले होते; आज सकाळी पुढचे अकरा जण बसले होते, आता बाक रिकामा. सात नंबरचं टोकन तेवढं त्यावर पडलेलं.

मी वकील आहे. शहरातल्या सदर भागात आमचं कायदा मदत केंद्र आहे. शहराबाहेरचं एक बालगृह पूर्वीच बंद पडलं होतं. तिथे मुलांवर झालेले अत्याचार कोर्टात सिद्ध झाले आणि तेव्हाच्या मुलांना नुकसानभरपाई मंजूर झाली. ती मुलं आता चाळिशीकडे आलीत. अर्ज आमच्याकडे भरायचे होते. महिनाअखेर शेवटची तारीख. ती चुकली की हक्क गेला.

अर्ज सोपा करायला मी दोन महिने भांडले होते. आधी चौदा पानं होती. त्यात 'घटनेचे सविस्तर वर्णन' असा एक रकाना. कोर्टात सांगून झालेलं पुन्हा आम्हाला कशाला सांगायचं? उडवला. आता एक पान, एक ओळखपत्र, एक सही. पीडितांचं नाव उघड करायचं नाही असा कायदा आहे, म्हणून चारचौघांत नावाऐवजी टोकनचा नंबर पुकारायचा, ही आयडियाही माझीच. स्वतःवर जाम खूश होते मी.

सात नंबरवाल्या बाईंना इथे लता म्हणू. त्या जवळच्या कन्हान गावच्या. त्यांना फोन लावला.

"ताई, अर्ज न भरता का निघून गेलात?"

"मॅडम, तिथं आमाले नंबरानंच बोलवत. जेवाले नंबर. साहेबाच्या खोलीत जायचं, तरी नंबर. मी बत्तीस होती. तुमच्या भाऊनं 'सात' म्हटलं अन् माहे पाय आपोआप उठले. मंग मले माहाच राग आला. निघून आली. माह्या मागं बाकीचे बी उठले."

मला फार लाज वाटली.

"मग कसं बोलवू? तुम्हीच सांगा."

"आमचं नाव आमीच ठेवतो ना. एक वही ठेवा फक्त."

आमचे प्रमुख देशकर सर म्हणाले, "मॅडम, ऑफिस आहे हे. बारसं नाही."

"फाइलवर खरं नाव, सर. पुकारायला वहीतलं. कायद्यात बसतं."

त्यांनी मान हलवली. आडवी की उभी, ते मी नीट पाहिलं नाही.

शनिवारी अकराच्या अकरा आले. लताताईंनी स्वतः सगळ्यांना फोन केले होते. बावणेंनी वही उघडली, घसा साफ केला.

"तर्री पोहा!" हुडकेश्वरचा एक ऑटोवाला हसत उठला.

"संत्रा बर्फी! ... कलेक्टर साहेब!"

हे नाव पुकारताना बावणे सवयीने स्टुलावरून उभेच राहिले. मग काय हशा पिकला! देशकर सर बाहेर येऊन ओरडणार होते, तेही हसत सुटले. या माणसांना असं पोट धरून हसताना बघून मला इतका आनंद झाला की डोळे पुसावे लागले.

लताताईंनी वहीत खरं नाव लिहिलं होतं, आडनावासकट.

"हे सगळ्यांसमोर पुकारलेलं चालेल?" मी विचारलं.

"जोरानं पुकारा. माहंच हाय ते."

बावणेंनी पुकारलं. त्या उठल्या नाहीत. बावणेंनी पुन्हा पुकारलं.

"थांबा ना भाऊ," बशीत चहा ओतत त्या म्हणाल्या, "चहा पिऊन राहिली मी."

बावणे थांबले. मी थांबले. दारातले देशकर सरही थांबले. बशी रिकामी झाली, तोंड पुसून झालं, मग त्या उठल्या.

अकराही अर्ज तारखेच्या आत गेले आणि भरपाई सगळ्यांना मिळाली. टोकनं माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत. अर्ज सोपा करायला मला दोन महिने लागले होते. लोकांना काय टोचतंय ते कळायला एक फोन पुरला. तो मी आधी केला नव्हता.