मफलरची गाठ

२०२३ साल. माझं वय शहात्तर. शिक्षण चौथी, नोकरी बर्मिंगहॅमच्या फॅक्टरीत तीस वर्षं. भुताखेतावर, नवसाबिवसावर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. झालं तेवढंच लिहितो.

माझी बायको सुमन गेली, तिच्या बाराव्यालाच नातू ओंकार युनिव्हर्सिटीची बास्केटबॉल मॅच खेळायला गेला. परत आल्यावर मी सगळ्यांसमोर बोललो, "आजीचा बारावा, आणि तुला बॉल सुचतो?"

तो इतकंच म्हणाला, "मॅच चुकवायची नाही असं आजीनेच प्रॉमिस घेतलं होतं, आबा."

तेव्हापासून चार महिने बोलणं बंद. मी मोठा. मी का आधी बोलू?

त्यांच्या टूर्नामेंटच्या फायनलला सून वैशालीने मला जवळजवळ ओढतच नेलं. "त्याच्याशी बोलू नका हवं तर, बाबा. नुसते बसा." थंडी होती म्हणून सुमनचा मफलर घेतला. वैशालीनेच धुऊन, घडी घालून दिला.

सुमन एक मॅच सोडायची नाही. ओंकार फ्री थ्रोला उभा राहिला — म्हणजे कुणी न अडवता एकट्याने बॉल टाकायचा — की ही मफलरच्या टोकाला गाठ मारायची. मनातलं झालं की सोडायची. मी हसायचो.

शेवटचे काही सेकंद. आपली टीम एक पॉइंट मागे. ओंकारला दोन फ्री थ्रो. पहिला हुकला... आणि माझ्या मफलरला खालून हिसका बसला. "अहो, बघा ना!" म्हणत सुमन द्यायची, अगदी तसाच. दुसरा बॉल आत. बरोबरी.

जादा वेळेत हरले. म्हणजे देव नवसाला पावला म्हणायचीही सोय नाही.

गाडीत बसलो तर मफलरच्या टोकाला गाठ. चांगली आवळलेली.

"तू मारलीस?"

"अहो बाबा, माझे दोन्ही हात फोनला! व्हिडिओ काढत होते ना."

आणि मी मारणार कशी? उजव्या हाताची तीन बोटं प्रेस मशीनमध्ये गेली. बुटाची लेससुद्धा सुमन बांधायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच बस पकडून ओंकारच्या खोलीवर गेलो. त्याने दार उघडलं. मी मफलर पुढे केला.

"आजीची गाठ आहे. माझ्याने सुटत नाही. तू सोड."