आप्पांनी राखलेला टर्की

माझ्या वडिलांचा, आप्पांचा, एक कायदा होता: सगळ्यात चांगलं जित्राब विकायचं नाही, आणि कापायचं तर नाहीच. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती, तिथला हा कायदा. मेंढरं गेली, वडगाव रासाईत नदीकाठी ऊस-कांदा आला, आणि आप्पांनी अंगणात टर्की पाळून तो कायदा त्यांना लावला.

लोक हसायचे. "काय आप्पा, मोर पाळलेत व्हय?"

"हसा लेको," आप्पा म्हणायचे. फार्मवरची पांढरी, फुगलेली टर्की त्यांना मुळीच पटायची नाही. "पाय हायेत, पन चालवत न्हाई." आपल्या काळ्या टर्कीतलं जे पिल्लू थंडीवाऱ्यात बाभळीवर बसून टिकेल, साथीत औषधावाचून उठेल, त्याचीच पुढं वीण घ्यायची. बाकीची बाजारात. असं वर्षानुवर्षं निवडत एक नर राखला होता. काय देखणा होता मेला! आप्पांनी फाटकातून "आलो रं" म्हटलं की तिकडून गुलुगुलु ओरडून जाब द्यायचा. "ह्यो गेला तर माझी सगळी मेहनत गेली," आप्पा म्हणायचे.

मागच्या आखाडात आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मी आणि माझे मालक सासरहून, सणसवाडीहून गाडी घेऊन आलो, त्यांना दौंडच्या दवाखान्यात पोचवलं. भाऊ तिथं थांबला, आम्ही माघारी आलो. दारातच मसाल्याचा वास. आखाड, त्यात जावई, त्यातही सासऱ्यासाठी धावून आलेला! बाकीचे नर आधीच बाजारात गेलेले. आईनं शेजाऱ्याला बोलावून अंगणातला सगळ्यात थोराड पक्षी कापून घेतला होता.

मला कळलं ते जेवणं झाल्यावर, मागच्या दारी काळी पिसं बघून.

"आई, अगं काय केलंस हे!" मी केवढ्यानं तरी ओरडले.

"मग काय मरतुकडं वाढू जावयाला?" ती म्हणाली, आणि लगेच तिचंच तोंड उतरलं. माझा तर संताप संताप झाला. पण रागवायचं कुणावर? तिनंही चांगलंच निवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पांना आणलं. डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं अंधुकच दिसायचं. भावाचा हात धरून फाटकात थांबले आणि म्हणाले, "आलो रं."

माद्यांची नुसती कुरकुर आली. आप्पांनी कान दिला, परत हाक मारली. डॉक्टरांनी डोळ्यातून पाणी काढायचं नाही म्हणून बजावलेलं, त्यामुळं कुणी सांगेना. शेवटी आईचाच हुंदका फुटला आणि त्यांना उमगलं.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते चाचपत ओट्यावर बसले. माझ्या मालकांच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "पाव्हणं, पोटभर जेवलात न्हवं?"

"व्हय आप्पा," ते म्हणाले.

माद्या अजून आहेत. फार्मवरचा नर आणू म्हटलं तर आप्पा नको म्हणतात. पट्टी निघाली, नजर छान आली. फाटकातून मात्र आता ते मुकाट्यानं आत येतात.