तोट आणि तोटा

अण्णा गेल्याचं त्यांच्या पत्नीनं, अक्कांनी, फोनवर सांगितलं, तेव्हा अण्णांच्या अनुवादाची शेवटची मुद्रितं तपासायला माझ्या मांडीवर होती. आदल्याच आठवड्यात म्हणाले होते, "पुस्तक हातात घेऊनच जातो बघ." शब्द मोडणारा माणूस नव्हे, म्हणून त्या दिवशी मला त्यांचा रागच आला.

धारवाडच्या शाळेत अण्णांनी आम्हाला इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या पुढाऱ्यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं मराठीत आणायला घेतली. हे पुढारी मळेवाले, व्यापारी. तंबाखूचा भाव, राजाविरुद्धची खलबतं, मित्राच्या बायकोची तब्येत... सगळं एका दमात. "आपल्या हुबळीचे व्यापारी बरे, दुकानात बसून स्वातंत्र्यावर भाषण तरी देत नाहीत," म्हणत अण्णा खुशीत कामाला बसत.

घरामागच्या बागेला ते कन्नडमधलं 'तोट' म्हणत. कन्नडात मळाही तोटच. अनुवादातही सवयीनं तेच लिहून गेले. अक्षरजुळणी करणाऱ्याला वाटलं, काना राहिला. त्यानं तो दिला. मुद्रितात वाक्य आलं : 'या गृहस्थांचा तोटा नदीपर्यंत पसरला होता आणि त्यात गुलाम राबत होते.' मी ते अण्णांना दाखवलं आणि लाल पेन काढलं. अण्णा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"राहू दे ग, सुमा. राबणाऱ्यांच्या बाजूनं बघितलं तर तोटाच की तो."

"अण्णा, लोक हसतील आपल्याला."

"हसू देत की. हसून झाल्यावर विचार करतील."

तरी शेवटी 'तू बघ' म्हणून त्यांनी ते माझ्यावर सोडलं आणि... गेले. पुस्तक त्या एका कान्यापाशी अडून राहिलं. चूक ठेवावी तर त्यांचं हसं होईल, काढावी तर त्यांचंच म्हणणं खोडल्यासारखं.

गेल्या रविवारी धारवाडला गेले. अक्कांनी दार उघडलं आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "अण्णा कुठायत?" त्याही सवयीनंच म्हणाल्या, "तोटात." त्यांनी दाराआडची झारी उचलली. मग अक्का म्हणाल्या, "चल, झाडांना पाणी घालायचंय."

अण्णांनी लावलेल्या पेरूला पहिल्यांदाच फुलं आली होती. त्यांच्या बसायच्या दगडावर बसून मी काना तसाच ठेवला आणि खाली टीप लिहिली : 'ही जुळणीतली चूक. अनुवादकानं ती वाचली आणि ठेवून घेतली.' अक्कांना वाचून दाखवली.

"जाऊ दे आता छापायला," त्या म्हणाल्या. "आणि पहिली प्रत इथं आणून ठेव, या दगडावर."