सदू मास्तरांचा घाम

किस्से म्हणजे फणसाच्या आठळ्या. भाजून खा, उकडून खा, घरात कुठेतरी मूठभर उरलेल्या असतातच! मसुऱ्याच्या शाळेतले आम्ही चार मास्तर दुपारी चहाला बसलो की विषय एकच, आमच्या सदूचा घाम. त्याच्यासमोरच बोलायचो. तो लाल व्हायचा, मग आणखी रंगायचं.

सदूकडे कोणी टक लावून बघितलं की पुरे. आधी कान लाल, मग गाल, मग कपाळावरून धारा. भर पौषात! तिशी आली तरी लग्न जमेना, आणि बिचाऱ्याला लग्न मनापासून हवं होतं.

*

एकदा हेडमास्तरांचा चष्मा हरवला. हेडमास्तर कडक, गावोगाव दारूबंदीवर भाषणं ठोकणारे. आम्हाला ओळीत उभं करून गरजले, "कोणी घेतला?"

सदू लालबुंद, घाम टपटप.

"सदाशिव, बऱ्या बोलाने दे!"

"घरी बघतो, सर. चुकून आला असेल..."

चष्मा हेडमास्तरांच्या कपाळावर होता!

*

सदूचं घर बांद्याला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे, इकडे दारूबंदी. त्यामुळे बांदा सोडला की नाक्यावर एस.टी.ची झडती. हवालदार आत डोकावला की त्याला पहिला सदूच दिसायचा. "उतर खाली!" पिशवी उलटी, टोपी झटकून, चपला हातात. निघायचं काय? आईने दिलेलं कुळथाचं पीठ! तोवर बाकीची गाडी निवांत.

पुढे लोक सदूसाठी दारापाशीची सीट राखू लागले. "मास्तरानू, हयसर बसा!" कोणी शहाळं द्यायचं, कोणी केळी. सदू अभिमानाने सांगायचा, "शिक्षकाला मान अजून बांद्यातच आहे हो!"

आम्ही कशाला बोलतोय?

*

उपाय काय थोडे केले! वैद्यांनी तुरटी चोळायला सांगितली, तोंडाची आग आग झाली. पावडरीचा थर दिला, तर घामाने त्याच्या रेघा उठल्या आणि पोरं फळ्याकडे बघेनात. जामसंड्याला मुलगी बघायला गेला, तर चहा येण्याआधीच निथळला. मुलीचा मामा कुजबुजला, "झिलान दारू घेतलेली दिसता!" नकार.

मग मालवणच्या डॉक्टरांनी बेलाडोनाचे थेंब दिले. सदूने उत्साहात जास्तच घेतले. घाम थांबला बरं का! पण जीभ टाळूला चिकटली आणि डोळ्यांच्या बाहुल्या बटणाएवढ्या झाल्या. दुसऱ्या मुलीच्या घरी त्याला नाव विचारलं, तर हा नुसता बघतोय. तिची आई किंचाळली, "माज्या चेडवाक खातलो काय ह्यो?"

त्या दिवशी सदू रडला. आम्हालाही खरंच वाईट वाटलं.

डॉक्टरांनी थेंब बंद केले, यथेच्छ झापलं आणि जवळ बसवून म्हणाले, "काहींना मुळातच जास्त घाम येतो, मास्तर. त्यात तुम्हाला 'आता येणार' ही धास्ती. लपवायला जाल तेवढा वाढेल. आधीच सांगून मोकळे व्हा!"

*

तिसरी मुलगी बांद्यातलीच. मी सोबत होतो. दारातच सदूने हात जोडले, "माका घाम येता. आधीच सांगतंय." आणि आलाच!

मुलीचा बाप डोळे बारीक करून बघत राहिला. अरे देवा! नाक्यावरचा तोच हवालदार, आता पेन्शनीत! म्हटलं, बोंबललं, हाही नकार.

"हेका मिया उभो आडवो चाचपलंय!" हवालदार बायकोला म्हणाला. "कधी विडीचा थोटूक गावूक नाय! असो जावय माका खंय गावतलो?"

*

लग्नाला हेडमास्तरांसकट आम्ही सगळे. परतीच्या एस.टी.त दारापाशी नवरा-नवरी, नवरीच्या पायाशी बापाने दिलेली ट्रंक. नाक्यावर आता दुसरा हवालदार, पण तोही सदूला ओळखून. तो चढला. सदूचा चेहरा कोरडा ठणठणीत! आणि नवरी? कानापर्यंत लाल, कुंकू ओघळलेलं.

"ट्रंकेत काय आसा?"

सदूने तिला हळूच कोपराने ढोसलं.

"माका घाम येता," ती म्हणाली.

"तुमकाव?" हवालदार खो खो हसला. "मास्तरानू, जोडी बरी जमली!" आणि गाडी सोडली.

दुसऱ्या दिवशी सदूकडे आम्हाला ट्रंकेतल्या सरबताचं बोलावणं. दोन पेल्यांनंतर हेडमास्तरांचे आधी कान लाल झाले, मग गाल, मग कपाळावरून धारा.

तिसरा पेला त्यांनी स्वतःहून मागितला!