बटण बंद असताना

दिघीच्या त्या गल्लीत विजयश्रीला सगळे 'वायरवाली' म्हणत आणि तिला ते मनापासून आवडायचं. चाकणच्या एका कंपनीत ती गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर होती. लाल कुठं, काळी कुठं, हे तिच्या बोटांना डोक्याआधी कळायचं. शेवटी सगळा जुडगा टेस्टिंग बोर्डाला जोडायचा. हिरवा दिवा लागला की माल पास. एखादी वायर चुकली की बोर्ड अशी बोंब ठोकायचा की सुपरवायझर हातातला चहा टाकून धावत यायचा. दिवा लागला म्हणजे आपलं बरोबर, हे तिच्या अंगात मुरलं होतं. शेजाऱ्यांचे मिक्सर आणि इस्त्र्याही ती याच हिशेबानं दुरुस्त करून द्यायची.

गल्लीतल्या बुद्धविहारात मूर्तीशेजारी एक उभा पितळी दिवा होता. त्याची वायर जळाली तेव्हा विहार समितीचे आबाजी म्हणाले, "बाईमाणसाच्या हातात विजेचं काम नको राव. बाहेरून कुणाला तरी बोलवू." तेव्हा तानुबाई मध्ये पडल्या. नवरा गेल्यापासून विहार झाडायचा-पुसायचा तो त्यांनीच. किल्ली कायम त्यांच्या कमरेला. "आमची विजू करंल की. तिला समदं येतंय," त्या म्हणाल्या. झालं, वायरवालीची कॉलर ताठ.

तिनं नवी वायर ओढली, मध्ये लाल वायर तोडून बटण बसवलं, टोकाला तीन पिनांचा प्लग लावला. प्लगच्या आत पिनांजवळ एल आणि एन अशी अक्षरं कोरलेली होती. एलच्या पिनेतून वीज येते, एनच्या पिनेतून परत जाते. तिनं ती वाचली आणि सोडून दिली. घरातली वीज ती, उलटसुलट लावली म्हणून दिवा लागायचा थोडाच राहतो? लाल एनला गेली, काळी एलला. दिवा झकास लागला आणि आबाजींनीसुद्धा मान डोलावली.

पुढच्या रविवारी वंदनेआधी तानुबाईंनी दिव्याचं बटण बंद केलं, बल्ब काढला आणि आतली धूळ पुसायला फाटकं फडकं गुंडाळलेलं बोट होल्डरात घातलं. किंकाळी ऐकून माणसं धावली. म्हातारी भिंतीशी पडली होती, मनगट मोडलेलं.

"बटण तर बंद आहे," आबाजी दिव्याकडं बघत म्हणाले. "मग शॉक बसला कसा?"

तानुबाईंनी एकवार विजयश्रीकडं पाहिलं. "माजेच हात ओले व्हते," त्या म्हणाल्या.

त्यांना दवाखान्यात नेल्यावर विजयश्रीनं होल्डरात टेस्टर लावला. बटण बंद, तरी टेस्टर पेटला. वीज येत होती काळ्या वायरीतून आणि बटण होतं लाल वायरीवर. दिवा विझायचा, होल्डर मात्र जिवंतच राहायचा. तिनं घाईघाईनं प्लग उघडून वायरींची अदलाबदल केली, स्क्रू आवळला आणि पुन्हा टेस्टर लावला. पेटला नाही. आता कुणाला काही कळणार नव्हतं, आणि तेवढ्यापुरतं तिला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज तिला पुढं जन्मभर पुरली.

समितीच्या बैठकीत आबाजी म्हणाले, "आजी, तुमचं वय झालं. ओल्या हातानं विजेला हात लावता, उद्या काही बरंवाईट झालं म्हणजे? किल्ली द्या." तानुबाईंनी प्लास्टर नसलेल्या हातानं किल्ली सोडून ठेवली. विजयश्री समोरच बसून ते बघत होती. दुसऱ्या दिवशी कंपनीत कुणाच्या तरी चुकीवर बोर्ड ओरडला आणि ती इतकी दचकली की शेजारच्या पोरी हसल्या.

शेवटी न राहवून ती तानुबाईंच्या घरी गेली. "आजी, तुमचे हात ओले असले तरी शॉक बसायला नको होता. चूक माझी होती. वायरी मी उलट्या लावल्या."

"ओले कुठलं गं? कोरडं ठणठणीत फडकं व्हतं."

"मग खोटं का बोललात?"

"आबाजी टपूनच बसलेला. तुज्या हाती परत कुनी वायर दिली नसती, आन् आपल्या दुसऱ्या कुठल्या पोरीच्या हाती बी न्हाई." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "पर किल्ली जाईल असं न्हाई वाटलं मला."

विजयश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या संध्याकाळी तिनं विहारात सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. प्लग कसा लावला ते सांगितलं, आणि गुपचूप दुरुस्त केला तेही. "म्हणून म्हणत होतो," आबाजी म्हणाले. ते तिनं मान खाली घालून ऐकलं. पुढं कुणी तिच्याकडं मिक्सरसुद्धा आणला नाही. किल्ली मात्र तानुबाईंच्या कमरेला परत आली.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्या रविवारी तानुबाई फडकं घेऊन दिव्यापाशी गेल्या. विजयश्रीनं बटण बंद केलं, प्लगही उपसून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "आता वीजच नाही, आजी. पुसा."

"व्हय," तानुबाई म्हणाल्या. विजूला समदं येतंय म्हणून भांडलेली ती बाई. पण तिचा हात काही पुढं होईना.

मग विजयश्रीनं बल्ब काढला आणि आपलं उघडं बोट आधी होल्डरात घातलं. ते तिथंच ठेवून ती उभी राहिली, तानुबाईंची खात्री पटेपर्यंत.